इकडं न्हाय

शेळी सापडली ती ओढ्याच्या वरल्या अंगाला, घाणेरीच्या झुडपात. सापडली म्हणजे जे उरलं होतं ते सापडलं. मुंडकं, पुढचे पाय आणि गळ्यातली घुंगराची दोरी. बिभीषण खाली बसून दोरी सोडवायला लागला. गाठ रक्तानं आवळून बसली होती, बोटांनी सुटेना, तर त्यानं दात लावले. दैवशाला जरा मागं उभी होती, हातात पाला तोडायची आकडी. मेलेल्या शेळीच्या दोरीचं नवऱ्याला एवढं काय कौतुक, हे तिला कळत नव्हतं आणि त्याच्याकडं बघवतही नव्हतं.

"लांडगं आसंल," ती म्हणाली.

बिभीषणानं हनुवटीनं ओढ्याकडं दाखवलं. गाळात पंजा उठला होता. लांडग्याचा पंजा धनगराच्या लेकरालाही ओळखू येतो, पुढं नखं उठतात. याला नखं नव्हती. बिभीषणानं आपला हात पसरून वर धरला तर तो आत मावून जागा उरली.

मग त्यानं एक विचित्र काम केलं. पायानं तो पंजा पुसला, पुढचा पुसला, पाण्यापर्यंतचे सगळे पुसले, आणि शेळीवर दगड रचले. घामानं त्याची बंडी पाठीला चिकटली होती.

"घरी म्या सांगतो आईला. तू कुटं बोलू नगं."

"आवं, पर..."

"पानवाडीचं काय झालं, बगितलं न्हवं का?"

बगितलं होतं. पानवाडी म्हणजे डोंगराच्या त्या अंगाची वाडी आणि बरडवाडी या अंगाची. मधे बालाघाटाची एक सोंड. पावसाळ्याच्या तोंडाला ते जनावर पानवाडीच्या बाजूला आलं, दोन वासरं गेली, आणि वनखात्यानं तिकडचा डोंगर चराईला बंद केला. पानवाडीची माणसं शेळ्या दावणीला बांधून डोक्यावर पाला वाहायला लागली. डोक्यावर किती वाहणार? निम्म्यांनी शेळ्यांची खांडं ईटच्या बाजारात विकायला उभी केली. बिभीषणाची जमीन म्हणजे नाव घ्यायला एक बरड तुकडा, त्यात कुसळ उगवतं. खांड गेलं तर त्याला आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबावं लागलं असतं.

त्याच्या आईचं, हरणाबाईचं, कारण निराळं होतं. तिनं पोराचं बोलणं ऐकून घेतलं, चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "नाव घ्यायचं न्हाय. नाव घेतलं की त्येला वाटतं बलावलंय. आमच्या म्हायेरात रानात थोरला फिरुलालाय म्हनलं, की लेकरं सुदिक तोंड मिटून ऱ्हायची."

थोरला हे त्याचं घरातलं नाव झालं. बाकी कुठंच त्याचं नाव घ्यायचं नाही, आणि इथंच पंचाईत झाली. मेंढ्याशेळ्यांभोवती रात्री जे दोरीचं जाळं ताणतात त्याला धनगर वाघूर म्हणतो. बापजाद्यांनी काय बघून हे नाव ठेवलं देव जाणे. त्याच संध्याकाळी बिभीषण दारातून ओरडला, "दैवशाला, वाघूर धर गं त्या टोकाला," आणि आतून आईनं फेकलेली पळी आली ती त्याच्या कानावरून गेली. तेव्हापासून त्या घरात वाघुरीला जाळी म्हणायला लागले.

हे झालं घट बसायच्या आधी. घटात सोयाबीन काढणीला आलं, बिभीषण रोजानं काढणीला जायला लागला आणि खांड दैवशालाच्या गळ्यात पडलं. हरणाबाईचे गुडघे गेलेले, ती डोंगर चढत नव्हती.

दैवशाला रोज भाकरी बांधून निघायची. वाडीतून निघताना पाय बरे चालायचे. ओढा ओलांडला की तोंडाला कोरड पडायची, पाणी पिलं तरी जायची नाही. शेळ्या पसरल्या की ती त्यांना हाकलून एकत्र करायची, एकत्र केल्या की त्या चरायच्या नाहीत, पोटं खपाटीला जायची, घरी सासू बघायची. म्हणून पुन्हा पसरू द्यायच्या. पाठ मोकळी राहू नये म्हणून ती खडकाला पाठ लावून उभी राहायची, आणि खडकाच्या वर काय असेल या विचारानं पुन्हा मोकळ्यात यायची. दिवसभर नुसती जागा बदलत राहायची बाई.

एकदा पायाशी तितर फडफडून उडालं आणि उभ्या उभ्या तिचं लुगडं ओलं झालं. लग्न होऊन इतकी वर्षं झालेली, दोन बाळंतपणं झालेली बाई, आणि लहान लेकरासारखं झालं. तिनं ओढ्यात बसून कमरेखाली सगळं भिजवून घेतलं, घसरून पडले असं सांगायचं ठरवलं. हरणाबाईनं ओल्या लुगड्याकडं बघितलं, तोंडाकडं बघितलं, आणि काही न विचारता दांडीवरचं कोरडं लुगडं काढून हातात दिलं. त्या दिवशी सासूबद्दल दैवशालाला जेवढी माया वाटली तेवढी नंतर कधी वाटली नाही.

दिवाळी झाल्यावर राजेश्वरी मॅडम आल्या. धाराशिवच्या एका कॉलेजात त्या मानसशास्त्र शिकवायच्या आणि पुढची पदवी करत होत्या. मागच्या वर्षी हिवाळ्यातही त्या स्कूटीवर बसून बरडवाडीला आल्या होत्या, पानवाडीलाही गेल्या होत्या. शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या घरातल्या बायकांना झोप, भूक, काळजी असलं विचारून गेल्या होत्या. बाई लाघवी. हरणाबाईशी तर त्यांचं असं जमलं होतं की धनगरी शब्द विचारून विचारून त्यांनी म्हातारीला भंडावलं होतं. आता पुन्हा तेच प्रश्न घेऊन आल्या.

"आवं म्याडम, गेल्या साली सांगितलं की समदं," बिभीषण म्हणाला. काढणी संपून तो त्या दिवशी घरी होता. "त्येच त्येच इचारून काय उपेग?"

मॅडमनी चहाची कपबशी खाली ठेवली. "दादा, नवं खत आणलं तर तुम्ही काय करता?"

"एका पट्ट्याला टाकतो, एक पट्टा तसाच ठिवतो. मंग बगतो."

"कुठल्या पट्ट्याला टाकायचं, कोण ठरवतं?"

"म्याच की. मर्जी माजी."

"माझी मर्जी चालत नाही हो. तिकडं पावसाळ्यात जे आलं ते मी पाठवलेलं नाही. ह्या वाडीला सोडलं, त्या वाडीला नाही सोडलं, असं माणसांशी करता येत नाही. ते आपल्या पायानं गेलं. पण दोन्ही वाड्या सारख्या. तीच जात, तेच काम, तोच डोंगर. आणि आधीचं माझ्याकडं लिहिलेलं आहे. मग तिकडच्या बायकांचं किती बदललं ते बघायचं, आणि जिथं आलं नाही तिथल्यांचं किती बदललं तेही बघायचं. तिकडं जे जास्तीचं निघेल, ते त्याच्यामुळं."

"मंजी आमी बिनखताचा पट्टा," बिभीषण म्हणाला आणि हसला. हसता हसता त्याला समजलं आपण काय बोललो ते, आणि तो दाढी खाजवायला लागला.

मॅडमही त्या जनावराचं नाव घेत नव्हत्या. आपण शब्द तोंडात दिला की माणसं तोच शब्द परत देतात, म्हणून आपण होऊन काढायचा नाही, असा त्यांचा नेम होता. घरातल्यांचा नेम वेगळ्या कारणासाठी होता. दोन्ही बाजू इतक्या सांभाळून बोलत होत्या की ऐकणाऱ्याला हसू आलं असतं.

"तुमच्याकडं तसलं काही दिसलं नाही ना, मावशी?"

"इकडं न्हाय," हरणाबाई म्हणाली. आवाज असा स्वच्छ की दैवशालालाही क्षणभर खरं वाटलं.

मग प्रश्न झाले. झोप लागते का, मधेच जाग येते का, छातीत धडधडतं का, आवाजानं दचकायला होतं का, एकटं बाहेर जायला नको वाटतं का. आणि इथं या घरानं जी चूक केली ती हुशार माणसानं केली नसती. सगळं खरं सांगितलं. बंदी नाव घ्यायला होती, भीती सांगायला नव्हती. झोप न्हाय लागत, असं सांगायला कुणी मनाई केली नव्हती. उलट दैवशालाला बरं वाटलं. तिला झोप लागते का हे आईनंसुद्धा कधी विचारलं नव्हतं. ती सांगत सुटली, घशाची कोरड सांगितली, पायांचं पाणी होतं ते सांगितलं, फक्त तितराचं सांगितलं नाही. हरणाबाईनंही सांगितलं, माजं बी काळीज उडतं बाई. मॅडमची मान खालीच होती, पण कपाळावर आठी पडत चालली होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दैवशालाची धाकटी बहीण अयोध्या आली. ती पानवाडीला दिली होती. डोंगराच्या त्या अंगाला गेलेल्या वासरांतलं एक तिच्या घरचं. कालवड होती, आणि दावं अयोध्याच्या हातात होतं. जनावरानं कालवड ओढली, हिनं दावं सोडलं नाही, सोडावं हे सुचलंच नाही, आणि दावं तळहातांची सालटी काढत निघून गेलं. तळहातांवर अजून गुलाबी वळ होते. तेव्हापासून ती उघड्या दाराकडं पाठ करून बसायची नाही. घास गिळायची नाही. आठवड्याला एका संस्थेची ताई पानवाडीत यायची, तिच्याशी ती तेवढी बोलायची. ताईनं घरच्यांना बजावलं होतं, हिला धक्का बसलाय, हिला डोंगराला पाठवू नका. सासू कमलबाई गप्प बसली होती, पण मनातून नाही.

"माजी सासू म्हनती, कालवड ग्येली तशी समद्यांचीच जनावरं जात्यात. हिला जनावराचं निमित्त आन कामाचा कटाळा. म्हनती, त्या म्याडमचं काय निगतंय ते बगू, मंग ठरवू." अयोध्या हे दारातच सांगत होती. नवरा मोटारसायकलवरून ईटच्या रस्त्यानं फिरून तिला सोडून गेला होता. पिशवी अजून तिच्या खांद्यालाच होती. "हितं न्हाय ना गं, आक्का?"

दैवशालानं हरणाबाईकडं बघितलं. हरणाबाई तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली.

"न्हाय," दैवशाला म्हणाली.

अयोध्यानं पिशवी खाली ठेवली. त्या दिवशी ती पोटभर जेवली. ताट बोटानं पुसून काढलं, आणि जेवता जेवता हसून म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या घरचं तिखट लई." दैवशालाला रडू कोसळलं, ते तिखटाच्या नावावर खपलं.

माहेरची धाकटी बहीण बघता बघता भरली. गालांवर मांस चढलं. दार उघडं टाकून बसायला लागली. आणि मग म्हणाली, मी येते तुझ्यासोबत डोंगरावर, नुसतं बसून अंग आंबलं. दैवशालानं नको नको म्हणून बघितलं. जास्त नको म्हटलं तर का नको हे सांगावं लागलं असतं.

थंडी पडली होती. दुपारी उन्हात बरं वाटायचं. ओढ्याच्या वर एक सपाट खडक आहे, तापलेला असायचा. अयोध्या त्यावर पदर अंथरून आडवी व्हायची आणि डोळे मिटायची. घोरायची सुद्धा. तिकडं घरात, कडी लावून, सासूसासऱ्यांच्या मधे तिला डोळा लागत नव्हता, आणि इथं उघड्या डोंगरावर ती हातपाय टाकून झोपायची. घाणेरीचं ते झुडूप आणि बिभीषणानं रचलेले दगड तिथून दिसायचे. दैवशाला तिच्या उशाशी उभी राहायची. आकडी दोन्ही हातांत धरून. बसायची नाही. बसलं तर उठायला वेळ लागेल असं वाटायचं.

तिच्या डोक्यात एकच किडा वळवळायचा. ज्यानं हिची झोप नेली तो तर इथंही आहे. मग ही झोपते कशी? आणि मी का झोपत नाही? जनावर एकच, डोंगर एकच, आईबापही एकच. फरक एवढाच की मला ठाऊक आहे. मग माणसाला खातं काय, ते का त्याची खबर? याचं उत्तर तिला मिळत नव्हतं आणि विचारायचं कुणाला?

एका दुपारी शेळ्या चरायच्या थांबल्या. एकदम. सगळ्यांनी माना वर केल्या आणि तोंडं एकाच बाजूला, वरच्या घळीकडं. चघळायचंही थांबलं. कान उभे. घळीत काही हलत नव्हतं. वारा नव्हता, पाखरू बोलत नव्हतं. दैवशालाला आपल्या कानात आपलंच रक्त ऐकू यायला लागलं. ओरडावं तर ही जागी होईल. जागी झाली तर विचारेल, काय झालं. आकडीचा बांबू घामानं हातातून निसटत होता. ती अयोध्या आणि घळ यांच्या मधे जाऊन पाय रोवून उभी राहिली, आणि तिनं मनात खंडोबाला सांगितलं, हिला न्हाय, हिला एकदा झालंय, हिला न्हाय. किती वेळ गेला तिला कळलं नाही. मग एका बोकडानं फुरफुर केलं, मान खाली घातली, आणि सगळ्या पुन्हा चरायला लागल्या.

अयोध्यानं कूस बदलली. "आक्का, ऊन ग्येलं का गं?"

"हाय अजून. नीज."

मॅडम पुन्हा आल्या त्या उतरत्या उन्हाच्या वेळी. बिभीषण खांड घेऊन डोंगरावर होता. हरणाबाई अंगणात सूप घेऊन बाजरी पाखडत होती, दोघी बहिणी ओट्यावर जाळीची तुटलेली घरं दोरीनं सांधत होत्या. मॅडमचा चेहरा उतरलेला होता. पाणी पिऊन त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"काय झालं म्याडम? आमचं काय चुकलं का?" दैवशालानं विचारलं.

"चुकलं नाही. जुळत नाहीये. माझं काम तपासणारे सर म्हणाले, पुन्हा जाऊन बघ." त्यांनी अयोध्याकडं बघितलं. पानवाडीत तिला भेटलेल्या होत्या. "तू इथं आहेस होय? बरी दिसतेस गं."

"हितं बरं वाटतं."

"हो. तेच." मॅडमनी पिशवीतले कागद बाहेर काढले. "पानवाडीच्या बायकांची झोप उडाली, घाबरणं वाढलं. मागच्या वर्षीपेक्षा खूप वाढलं. पण तुमचंही तेवढंच वाढलं. जिथं काही आलंच नाही तिथंही तेवढंच. मग सर म्हणतात, हे त्या जनावराचं काम नव्हे. पाऊस असेल, सोयाबीनचं असेल, मोबाइलवर बघून असेल. दोन्हीकडं सारखं आहे असं दुसरंच काहीतरी. आणि त्याच्यामुळं नसेल, तर त्या ताईंनी पानवाडीत येण्याचं कारण उरत नाही. ताईंची संस्था मला विचारतेय, निकाल काय."

अयोध्याचे हात थांबले. "मंजी माजं नाटक हाय?"

"तसं नाही गं..."

"माजी सासू तसंच म्हनंल. म्हनंल, बग, शिकल्याल्या मान्सांनी बी सांगितलं. उद्याच डोंगराला धाडंल मला." ती तळहात एकमेकांवर घासायला लागली. "म्या बगितलंय हो. दावं हातात हुतं माज्या. त्येच्यामुळं न्हाय तर कशामुळं?"

माणूस अडचणीत सापडला की हाताला लागेल ती वस्तू उचलतो. त्यांनी ओट्यावरचं जाळीचं टोक उचललं आणि विषय बदलायचा म्हणून म्हणाल्या, "ही वाघूर फारच फाटली की, मावशी."

सूप पडलं. बाजरी अंगणभर झाली. ज्या म्हातारीचे गुडघे वळत नव्हते ती एका झेपेत ओट्यापर्यंत आली आणि तिनं मॅडमच्या तोंडावर हात ठेवला. सरळ तोंडावर, बाजरीच्या कोंड्यानं भरलेला हात. चष्मा वाकडा झाला.

"नाव घिऊ नगा! संजची येळ, खांड वर हाय, पोरगं वर हाय माजं!"

मग तिला आपला हात दिसला. तिनं तो मागं घेतला, पदरानं मॅडमचं तोंड पुसायला गेली, तेही अर्धवट सोडलं. मॅडमनी चष्मा नीट केला. त्यांना राग आला नव्हता, पण ओठांवर कोंडा तसाच होता.

"मावशी, मागच्या वर्षी हा शब्द मला तुम्हीच शिकवला होता."

"सोमवार हाय आज," हरणाबाई म्हणाली. "सोमवारी न्हाय घेत आमी."

मॅडमला धनगरी रीत ठाऊक नव्हती, सोमवारचं त्यांनी मानलंही असतं. पण अयोध्या धनगराची लेक होती. तिनं हातातल्या जाळीकडं बघितलं. इतके दिवस या घरात सगळे जाळी जाळी म्हणत होते आणि तिच्या लक्षात आलं नव्हतं, कारण पानवाडीतही पावसाळ्यापासून जाळीच म्हणत होते. तिनं जाळी मांडीवरून हळूच खाली सरकवली.

"आक्का," ती म्हणाली. "तुमी जाळी कामून म्हन्ता?"

दैवशालाच्या तोंडाला ओढ्यावरची कोरड पडली. सासू तिच्याकडं बघत होती, डोळ्यांनी नको म्हणत होती. सोमवार आहे एवढंच म्हणायचं होतं. अयोध्या ते मानायला तयार होती, तिच्या तोंडावर दिसत होतं. भीक मागावी तशी ती बघत होती, की आक्का, सोमवार हाय म्हन. म्हटलं असतं तर ती आजही झोपली असती, उद्याही खडकावर आडवी झाली असती. आणि मॅडम कागद घेऊन गेल्या असत्या, पानवाडीत सगळ्यांना कळलं असतं की कमलबाईची सून ढोंगी. तिला हाताला धरून डोंगराला नेऊन सोडलं असतं. न्हाय म्हटलं तरी बहिणीचंच जाणार होतं, व्हय म्हटलं तरी तिचंच.

"हाय," दैवशाला म्हणाली. "इकडं बी हाय. वाघ हाय."

हरणाबाई होती तिथंच बसली, सांडलेल्या बाजरीवर.

"घट बसायच्या आदी आमची शेळी नेली. ह्येंनी ठसं पुसलं. डोंगर बंद झाला तर खावं काय, म्हनून न्हाय सांगितलं. वाडीत समद्यांनाच ठावं हाय, कुनी बोलत न्हाय. म्याडम, आमची झोप मोबाइलनं न्हाय उडाली. मी रोज वर जाती. माजं लुगडं ओलं होतं हो, साधं पाखरू उडालं तरी." एवढं बोलून तिनं पदर तोंडात कोंबला.

मॅडम उठून उभ्या राहिल्या होत्या. "मग जुळतं!" त्या म्हणाल्या. "मग सगळं जुळतं. ही वाडी बिनखताची नाहीच. दोन्ही पट्ट्यांत तेच पडलंय, मग फरक दिसणार कुठून? मला वाघ नसलेली वाडी शोधायला लागेल. अयोध्या, तुझं काही नाटक नाही गं, तुझं..." आणि आपला आवाज किती आनंदी झालाय हे त्यांच्या कानांवर पडलं, आणि त्या थांबल्या. लाजल्या.

अयोध्याला ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. ती भिंतीला पाठ लावून मागं मागं सरकत दारातून आत गेली होती. गालांवर चढलेलं सगळं मांस एका क्षणात उतरल्यासारखं दिसत होतं.

"मी तिथं झोपत हुते, आक्का. खडकावर."

"मी उबी ऱ्हायची. तुज्या उशाला. रोज."

"तू मला झोपू दिलंस."

दैवशाला आत गेली, तिनं तिचे हात धरायला बघितलं. अयोध्याचे दात वाजत होते. अयोध्यानं हात सोडवून घेतले आणि उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या मॅडमकडं बघितलं.

"तिकडं बी हाय, इकडं बी हाय," ती म्हणाली. "तुमच्या गावाला हाय का हो? धाराशिवात?"

मॅडम इतरांना प्रश्न विचारत हिंडायच्या, त्यांना कुणी प्रश्न विचारत नसे. त्या घाईघाईनं म्हणाल्या, "नाही गं बाळा. तिथं नाही. तिथं कसला येतोय?"

अयोध्यानं मान हलवली. हे वाक्य तिनं याच दारात ऐकलं होतं.

"न्हाय म्हनून कुनी सांगितलं तुमाला?"

तिनं मॅडमना हाताला धरून आत ओढलं, मागनं हरणाबाई आत आली तशी दार लोटून कडी घातली. डोंगराकडून घुंगरं वाजत यायला लागली. बिभीषण अंगणातून हाक मारत होता, कुणी आहे का घरात, दार लावून काय बसलाय, आणि आतून कडी काढायला कुणीच उठलं नाही.